तारेत ओवलेली पत्रं

टेबलावर तुम्ही सगळं मांडून ठेवलं आहे. पुण्याच्या हातकागद संस्थेतले सायीच्या रंगाचे, कडा न कापलेले कागद. आप्पा बळवंत चौकातून घेतलेलं निबचं पेन, निळ्या शाईची बाटली. लाखेची कांडी आणि पितळी मोहोर. खोलीतला मोठा दिवा बंद करून तुम्ही टेबलावरचा पिवळा दिवा लावला आहे. तासभर झाला. कागदावर दोनच शब्द उमटलेत, 'ती. काकांस'. दुसऱ्या शब्दातल्या 'स'पाशी शाई कागदात फुटून तिला बारीक मुळं फुटल्यासारखी दिसत आहेत. पेन पुढं सरकत नाही.

काकांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. गावी एकटे असतात. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही. तुम्ही काहीही सांगा, ते पलीकडून 'होय, होय' म्हणतात आणि शेवटी 'सांभाळून राहा' म्हणून फोन ठेवतात. मे महिन्यात घराचं छप्पर उतरवलं तेव्हा माळ्यावर एक तार सापडली. ती त्यांनी तुमच्या हातात दिली आणि म्हणाले, "तूच वाचीत होतस. घेवन जा." तेव्हाच ठरवलंत, यांना पत्र लिहायचं. मग कागद शोधलात, पेन शोधलंत.

या शोधात तुम्ही एकटे नव्हता. जुन्या लेखनसामग्रीची ओढ परत आली आहे आणि ती खरी आहे. २००५ साली पोर्तुगालमधून सुरू झालेल्या पोस्टक्रॉसिंगमुळे माणसं ज्यांना कधी पाहिलंही नाही अशांना स्वतःच्या अक्षरात पोस्टकार्डं धाडतात. आपल्या टपाल खात्यानं २०१७ पासून 'ढाई आखर' नावाची पत्रलेखन स्पर्धा चालवली. मोडीच्या वर्गांना तरुण मुलं बसतात. हातानं लिहावं, कुणीतरी ते हातात धरावं, असं पुष्कळांना पुन्हा वाटू लागलं आहे.

तार टेबलाच्या कडेला पडली आहे. पूर्वी घरोघर खुंटीला अशी तार असायची. खाली लाकडाची चकती, मधून उभी जाड लोखंडी तार, वरचं टोक आकड्यासारखं वळवलेलं. पत्र वाचून झालं की त्या टोकात खुपसायचं आणि खाली ढकलायचं. सगळ्यात जुनं पत्र तळाला, सगळ्यात नवं वर. प्रत्येकाच्या पोटात एक भोक. घडी घातलेलं आंतर्देशीय पत्र टोचलं असेल तर ते उलगडल्यावर एकाखाली एक तीन भोकं दिसतात, आणि भोकाच्या जागचे शब्द कायमचे गेलेले असतात.

तुम्ही मधलंच एक पत्र सोडवून घेता. निळसर आंतर्देशीय. काकांचं अक्षर उजवीकडे कललेलं, शिरोरेघ प्रत्येक शब्दापुढं थोडी लांबलेली. तळाच्या भोकापाशी कागद कडेपर्यंत फाटला आहे. ओळ अशी आहे: 'चतुर्थीला येणे हो', आणि पुढं काही नाही, फक्त गंजाचा तांबूस डाग. खालची ओळ शाबूत आहे: 'आईने काळजी करू नये.'

येणे होईल, की येणे होणार नाही?

भोकातून दिव्याचा उजेड आरपार येतो. तुम्ही त्यावर बोट ठेवता. बोटाखाली कागद दमट लागतो. पुण्यात उन्हाळा आहे, हा कागद दमट कसा?

*

कौलांवर पाऊस वाजतो आहे. पायाखाली शेणानं सारवलेली गार जमीन. चुलीतल्या ओल्या लाकडाचा धूर पडवीत तरंगतो आहे. तुमचं वय दहा आहे. साल १९८३, श्रावण. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होऊन दोनच वर्षं झाली आहेत. म्हातारी माणसं अजून रत्नागिरीच म्हणतात. कोकण रेल्वे यायला पंधरा वर्षं अवकाश आहे. मुंबई म्हणजे एसटीनं एक अख्खी रात्र.

दुपारची गाडी तिठ्यावर थांबते. कंडक्टर टपालाची थैली उतरवून देतो. ती डोक्यावर घेऊन, वर इरलं धरून, शेताच्या बांधावरून माणूस येतो. पोस्ट म्हणजे वाडीतल्या दुकानदाराच्या घराची ओटी. भिंतीला तांबडी पेटी, एक लाकडी टेबल, तराजू, डिंकाची वाटी. दुकानदार या वेळी तासाभरापुरते पोस्टमास्तर असतात आणि त्या तासात त्यांचा आवाजही बदलतो. थैलीचं तोंड सुतळीनं आवळलेलं, गाठीवर लाखेची मोहोर. मास्तर ती आधी उजेडाकडे धरून पाहतात, मग फोडतात. तुमच्या टेबलावरची लाख शोभेसाठी होती. ही लाख वाटेत कुणी थैलीला हात लावला नाही, याची साक्ष आहे.

मग ठसे. टप, टप. प्रत्येक पत्राच्या पाठीवर इथं पोचल्याची तारीख. ओटीवर दहा-बारा माणसं उकिडवी बसली आहेत आणि मास्तर एकेक नाव मोठ्यानं घेतात. ज्याचं नाव येतं तो उठतो. ज्याचं येत नाही तो आणखी थोडा वेळ बसून राहतो.

आजीचं नाव येतं. तुम्ही पत्र सदऱ्याखाली पोटाशी धरून धावत सुटता.

"कागद इलो!"

आजी हातातली परात खाली ठेवते. हात पदराला पुसते. पत्र घेते, उलटसुलट करून पाहते. तिला अक्षर येत नाही, पण पत्र आधी ती पाहते. चारही कोपरे शाबूत आहेत ना, हे तिला बघायचं असतं. कोपरा फाडलेलं, वर 'श्री' नसलेलं पत्र आलं तर ते घरात यायचं नाही. अंगणातच वाचायचं, फाडून टाकायचं आणि आंघोळ करून घरात शिरायचं. म्हणून कुणाच्याच तारेवर मरणाचं पत्र नसे. तारेवर जिवंत माणसांच्याच बातम्या.

कोपरे शाबूत आहेत. आजी पत्र तुमच्या हातात देते. "माका वाचून दाखय."

तुम्ही चिकटवलेल्या कडा हलक्या हातानं सोडवता. डिंकाच्या जागी भाताचं शीत लावलेलं आहे, त्याचा वाळलेला दाणा निघून पडतो. काकांनी जेवता जेवता पत्र बंद केलं असावं.

'ती. गं. भा. आईस शि. सा. न. वि. वि.' ही आगगाडी तुम्हाला तोंडपाठ आहे. शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम. तुम्ही शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचता. आजी डोळे मिटून ऐकते. प्रत्येक वाक्यानंतर तिची मान हलते, जणू काका समोर बसून बोलत आहेत.

काका लालबागला असतात. गिरणीत. पण गिरणी बंद आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांवर कामगार संपावर गेले, त्याला आता दीड वर्ष उलटून गेलं. पहिले काही महिने काकांनी कुठून कुठून पैसे धाडले. मनीऑर्डर आली की पोस्टमन ओटीवर बसे, नोटा दोनदा मोजे, शाईच्या पॅडवर आजीचा अंगठा दाबून फॉर्मवर टेकवे. फॉर्मच्या तळाशी चार ओळींची जागा असे. तिथं काका अगदी बारीक अक्षरात लिहीत. पैसे घरात खर्च होऊन जात, ती चिठ्ठी आजी तारेला लावी. १८८० पासून चालत आलेली ही कागदी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. हे तुम्हाला माहीत आहे. या पडवीत ते अजून कुणालाच माहीत नाही.

तुम्हाला आणखीही माहीत आहे. हा संप रीतसर मागं घेतलाच जाणार नाही. तो नुसता विरत जाईल. हजारो माणसं पुन्हा कामावर घेतली जाणार नाहीत. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल उभा राहील आणि तुम्ही तिथं एकदा पावसातून आडोशाला शिराल. दहा वर्षांच्या छातीत हे सगळं घेऊन तुम्ही पत्र वाचता आहात. आजीची मान हलते आहे.

तुम्ही तळाशी येता. कागदाला अजून भोक पडलेलं नाही.

'चतुर्थीला येणे होणार नाही.'

पुढं कारण नाही. कारण आजीलाही कळतं, तुम्हालाही. चवथीला मुंबईचा माणूस येतो तो ट्रंक घेऊन येतो. साखर, कापड, पोरांना काहीतरी, देवाला काहीतरी. ज्याला दीड वर्ष पगार नाही, तो तिठ्यावर उतरून वाडीतून चालत कसा येईल?

तुम्ही आजीकडे पाहता. तिचे डोळे मिटलेलेच आहेत. तुमच्या तोंडून निघून जातं, "चतुर्थीला येणे होईल. आईने काळजी करू नये."

तुम्ही आत्ता काही करू शकता का? करू शकत नाही. तोंड दहा वर्षांचं आहे आणि ते बोलून गेलं आहे.

आजी डोळे उघडते. "परत एकदा वाच."

तुम्ही परत वाचता. या वेळी त्या ओळीपाशी आवाज अडकतो. अर्धा श्वास, तेवढंच. आजी काही म्हणत नाही. उठते, पत्र्याच्या डब्यातून एक कोरं कार्ड काढते, सोबत बॉलपेन. शाईच्या पेनानं पावसाळ्यात लिहायचं नाही, हा घरचा नियम. कार्ड वाटेत भिजलं की शाई वाहून जाते. बॉलपेनाचं अक्षर टिकतं.

"लिव," आजी म्हणते.

पंधरा पैशांचं कार्ड. तळहाताएवढी जागा, त्यातली अर्धी बाजू पत्त्याला. तुम्ही पाटावर कार्ड ठेवून पालथे पडता. 'चि.' लिहून पुढं काकांचं घरातलं नाव, जे गिरणीत कुणाला माहीत नाही. 'यास अ. उ. आ.' अनेक उत्तम आशीर्वाद.

आजी सांगते मालवणीत, तुम्ही लिहिता पुस्तकातल्या मराठीत. गाय व्यायली, पाडी झाली. लावणी आटपली. पडवीचे नळे परतून झाले. गणपतीवरची माटवी बांधायला यंदा घरात पुरुषमाणूस नाही. हा आजीचा हिशेब असतो. आज सांगितलेलं तिकडे पोचायला चार-पाच दिवस लागणार, उलट उत्तर यायला तेवढेच. म्हणून डोकं दुखतंय, आज भाजी नव्हती, शेजारणीशी वाजलं, असलं ती कधी लिहायला सांगत नाही. आठ दिवसांनीही जे खरं राहील तेच ती कार्डावर घालते. गाय व्यायली आहे, हे आठ दिवसांनीही खरं असतं. तुम्ही आयुष्यात पुढं खूप लिहिणार आहात, पण काय लिहायचं आणि काय गाळायचं हे तुम्हाला इथं, या पाटावर कळतं आहे.

कार्ड भरत आलं. बोटभर जागा उरली. आजी चुलीकडे तोंड करून बसली आहे. पाठमोरीच म्हणते, "शेवटाक लिव. हात हलयत ये, पण ये."

तुम्ही थांबता. पत्र चुकीचं वाचलंत हे तिला कळलं आहे. कधी कळलं, पहिल्याच वेळी की तुमचा आवाज अडकला तेव्हा? ती तुमच्यावर रागावत नाही. विषय काढत नाही. पेन कार्डावर टेकलेलं आहे आणि तुम्हाला प्रश्न पडला आहे की हे पुस्तकी मराठीत कसं लिहायचं. 'रिकाम्या हाताने यावे'? छे. ते आजीचं राहणार नाही. साऱ्या कार्डावर ही एकच ओळ तुम्ही ती बोलली तशी लिहिता. हात हलयत ये, पण ये.

मग पत्ता. गिरणीचं नाव नाही, चाळीचं नाव, खोली नंबर, लालबाग, मुंबई, आणि सहा आकडे: ४०० ०१२. मास्तरांनी वाडीतल्या सगळ्या पोरांकडून पिनकोड घोटून घेतला आहे. १५ ऑगस्ट १९७२ पासून हा सहा आकड्यांचा पत्ता देशभर लागू झाला आणि तो बसवणारे केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर मूळचे शेजारच्या राजापूरचे. संस्कृतात कविता करणारा माणूस. एकाच नावाची गावं देशात जागोजागी, पत्ते चार लिप्यांत आणि चाळीस तऱ्हेच्या अक्षरांत लिहिलेले. या आकड्यांमुळे ते वाचता न येणाऱ्यालाही पत्र योग्य थैलीत टाकता येऊ लागलं. पहिला आकडा ४ म्हणजे आपला पश्चिमेकडचा विभाग. आजीला हे सांगितलं तर ती म्हणेल, कोकणातलोच तो.

तुम्ही कार्ड तांबड्या पेटीत टाकता. आत पडल्याचा आवाज येत नाही. पेटी रिकामी नसावी.

*

कार्डाबरोबर तुम्हीही जाता. थैलीत, एसटीच्या टपावर, घाटात, काळोखात, कधी न पाहिलेल्या हातांतून. मुंबईत थैल्या फुटतात. फोर्टातल्या जीपीओसमोर, कबुतरखान्याच्या बाजूला, ताडपत्रीखाली लेखनिक बसलेले असतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी ते मनीऑर्डरचे फॉर्म भरतात, चार ओळी लिहून देतात, पार्सलं कापडात शिवून देतात. पाठीमागं जॉन बेगनं बांधलेला, विजापूरच्या गोल घुमटाची याद देणारा तो प्रचंड घुमट. १९१३ सालचा. त्याच्याखालून रोज किती आया मुलांपर्यंत पोचत असतील.

लालबागची खोली. दहा बाय बाराची, गावच्या मंडळानं घेतलेली. पगाराच्या दिवसांत इथं पंधरा-वीस माणसं पाळीनं झोपत. एक पाळी कामाला गेली की दुसरी तिच्या जागेवर अंग टाकी. आता पाळ्या नाहीत, भोंगा नाही. माणसं दिवसाही घरात आहेत आणि खोली लहान झाली आहे. कितीक आधीच गावी परतले आहेत. भिंतीला ओळीनं ट्रंका, वर गणपतीचं कॅलेंडर.

पोस्टमन दारातून कार्ड आत सरकवतो. ते काकांच्या हाती जाण्याआधी आणखी दोघांनी वाचलेलं असतं. पोस्टकार्ड कुणा एकाचं नसतं. गाय व्यायली, लावणी आटपली, हे साऱ्या खोलीला हवं असतं. कुणीतरी मोठ्यानं वाचू लागतो. पाडी झाली म्हटल्यावर कोपऱ्यातला म्हातारा, ज्याची ती गाय नाही, हसतो. नळे परतले. माटवी बांधायला माणूस नाही. मग ती शेवटची ओळ येते आणि वाचणारा ती पुस्तकी चालीत वाचू लागतो, थांबतो, आणि पुन्हा मालवणीत वाचतो.

खोलीत कुणी बोलत नाही. कार्ड हातोहात काकांपर्यंत येतं.

तुम्हाला काकांचा चेहरा बघायचा आहे. चाळीशीही न गाठलेला. पण ते कार्ड घेऊन गॅलरीत गेले आहेत आणि तुम्हाला फक्त पाठ दिसते. कठड्यावर ठेवलेला एक हात. अक्षर दहा वर्षांच्या पोराचं आहे, वेलांट्या चुकलेल्या आहेत, आणि ते त्यावर अंगठा फिरवत आहेत.

*

तार आणखी खाली जाते. चकतीजवळचं, तळाचं कार्ड.

हे तुमच्या जन्माआधीचं. छापील तिकिटावर सहाव्या जॉर्जचं डोकं. अक्षर मोडी. तुमच्याच भाषेतलं, तुमच्याच रक्ताच्या माणसानं लिहिलेलं पत्र, आणि तुम्हाला त्यातलं एक अक्षर लागत नाही. याचं वाईट वाटतं, खूप वाटतं. बाराखडी तीच, शब्द तेच, पण दार बंद.

म्हणून तुम्ही वाचत नाही, उभे राहता. फेब्रुवारी १९४६. तीच मुंबई, तेच लालबाग. नौसैनिकांचं बंड नुकतंच शमलं आहे. त्यांच्या पाठिंब्यासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरला, सैन्यानं गोळ्या चालवल्या, शहरात दोनशेहून अधिक माणसं गेली. आजोबा ट्रंकेवर कार्ड ठेवून बसले आहेत. हातात टाक. शाई कसली म्हणाल, तर बहुधा गोळी पाण्यात विरघळवून केलेली. दांडेकर बंधूंनी १९३१ साली घोडा छापाच्या शाईच्या पुड्या आणि वड्या विकायला सुरुवात केली होती, पुढं त्याचंच कॅम्लिन झालं. दौतीच्या तळाशी गाळ दिसतो.

आजोबा आधी अक्षर लिहीत नाहीत. आधी रेघ ओढतात. कार्डाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, न थांबता, एका दमात. तीच शिरोरेघ. मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातात, हात शक्यतो न उचलता, एकातून दुसरं. तुम्ही पाहत राहता. दोरीवर धुतलेले कपडे वाळत घालावेत तसं हे लिहिणं. पेशवाईच्या दप्तरांतले कारकून असंच लिहीत. जुन्नरचा, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद, खळ लावून दगडानं घोटलेला, आणि त्यावर बोरू सरसर पळे. खळ नीट बसली नाही तर शाई फुटते. तुमच्या 'काकांस'मधला 'स' तसाच फुटला होता.

आजोबा लिहिता लिहिता शब्द ओठांत पुटपुटतात, म्हणून तुम्हाला कळतं. सुखरूप आहे. इतकंच. पहिल्या ओळीत सुखरूप आहे, आणि शेवटच्या ओळीत पुन्हा सुखरूप आहे. मधे पणजोबांच्या खोकल्याची चौकशी, आंब्याच्या मोहोराची चौकशी. गोळीबाराचा शब्द नाही. कार्ड वाडीत पोचेल तेव्हा त्यांचे वडील ते हातात घेतील आणि आधी चार कोपरे पाहतील.

*

वर येताना तुम्ही घाई करत नाही. एकेक पत्र बोटांखालून जातं. पन्नासचं दशक, नवे पैसे आले, आजोबांचं अक्षर थकत गेलं, मग थांबलं. काकांचं अक्षर सुरू झालं. आजोबांची मोडी, काकांची बाळबोध. आणि मधेच ती जागा येते.

ऑगस्ट १९८३ चं पत्र तुमच्या टेबलावर आहे. त्याच्या नंतरचं, तारेवर त्याच्या अगदी वरचं पत्र, डिसेंबर १९८३ चं. तुम्ही शिक्का दिव्याजवळ धरता. डिसेंबरच. त्याआधीच्या कुठल्याही वर्षी इतके महिने पत्र नाही असं झालेलं नाही. दर महिन्याला एक तरी आहेच. आधी वाटतं, हरवली असतील. मग उमगतं.

तारेवर पत्र नाही, म्हणजे माणूस घरी होता.

काका आले होते. चवथीला आले, भातकापणी होईपर्यंत राहिले. आता तुम्हाला आठवतं. माटवी बांधताना खुर्चीवर चढलेले काका, खालून कवंडाळं आणि शेरवडं त्यांच्या हातात देणारे तुम्ही. ट्रंक आणली होती की नव्हती? काही केल्या आठवत नाही. आठवतं ते हे, की तिठ्यावर आजी गेली नव्हती. ती पडवीत बसून राहिली होती आणि काका पायऱ्या चढून आल्यावर तिनं पहिल्यांदा त्यांचे हात हातात घेतले होते. दोन्ही हात. रिकामे होते म्हणूनच दोन्ही घेता आले.

त्यानंतरची पत्रं तुम्ही भरभर चाळता. नव्वदीत कागद बरा होतो आणि मजकूर आखूड. तिठ्यावर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ आला. पत्रांच्या शेवटी एक नवं वाक्य दिसू लागतं: बाकी फोनवर बोलू. १९९५ च्या पत्रात आहे, १९९६ च्या दोन पत्रांत आहे. १९९७ च्या पत्रात त्याशिवाय फारसं काही नाहीच. ते तारेवरचं सगळ्यात वरचं. आकड्यापर्यंत अजून वीतभर तार मोकळी आहे.

*

टेबल. पिवळा दिवा. शाई वाळली आहे.

तुम्ही हिशेब करता. त्या काळात तुम्ही काकांना किती पत्रं लिहिलीत? महिन्याला एक धरलं तरी पाच-सहा वर्षांत साठ-सत्तर. आणि त्यातलं एकही तुमचं नव्हतं. सगळी आजीची. अक्षर तुमचं, आवाज तिचा. ती गेल्यावर तुमचं लिहिणं थांबलं. काकांना स्वतःच्या तोंडानं तुम्ही आजवर काहीच लिहिलेलं नाही. म्हणून पेन सरकत नव्हतं. कागद चांगला आहे, शाई चांगली आहे. त्यांच्यात काही उणं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कोपऱ्यावरच्या पोस्टात जाता. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं, शेवटचा टेलिग्राम २०१३ च्या जुलैत गेला, पण पोस्टकार्ड आहे. पन्नास पैशांना. पन्नास पैशांचं नाणं हल्ली कुणाजवळ सापडत नाही, म्हणून तुम्ही रुपया देऊन दोन घेता. खिडकीतल्या बाई कार्डांचा गठ्ठा शोधायला खाली वाकतात, वर येतात, धूळ फुंकतात. "चालतील ना?" विचारतात. कडा किंचित पिवळ्या पडल्या आहेत. चालतील म्हणजे काय.

घरी येऊन तुम्ही बॉलपेन घेता. तिकडे लवकरच पाऊस लागेल. हातकागद आणि निबचं पेन खणात नीट ठेवून देता. ते दिवाळीच्या पत्राला.

काय लिहायचं, आठ दिवसांनीही काय खरं राहील, याचा विचार करता. मग लिहू लागता. 'ती. काकांस शि. सा. न. वि. वि.' इकडील सर्व क्षेम. गुडघा आता बरा आहे. धाकटीला पुण्यातच नोकरी लागली. गच्चीवर कढीलिंबाचं झाड लावलं होतं, त्याला पालवी फुटली. तार नीट जपून ठेवली आहे, गंज पुसून खोबरेल लावलं. तळाचं मोडी कार्ड एका जाणकाराला दाखवणार आहे, काय लिहिलंय ते कळवतो.

आणि मग, जागा राखून ठेवलेली असते तिथं: १९८३ च्या श्रावणात तुमचं पत्र मी आजीला चुकीचं वाचून दाखवलं होतं. तुम्ही येणार नाही लिहिलं होतं, मी येणार असं वाचलं. तिला कळलं होतं. तुम्हाला कधी सांगायचं राहून गेलं.

चवथीला आम्ही सगळे येतो. माटवी मी बांधेन.

तुम्ही कार्ड उजेडात धरून एकदा वाचता. पत्ता, पिन, ४१६ नं सुरू होणारा. ओळी दाटीनं आल्या आहेत, कडेपर्यंत. फक्त मध्यावर, दोन ओळींच्या दरम्यान, बोटाच्या पेराएवढी जागा तुम्ही मुद्दाम कोरी सोडली आहे. चवथीला तार सोबत न्याल, तेव्हा काका तिथून ती ओवतील. एकही शब्द जाणार नाही.